चिकनमधल्या अँटिबायोटिकची टेस्ट: ट्यूब किट आणि प्रायव्हेट लॅब, दोन्ही वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. ट्यूब किट शेडवर ठेवायला चांगलं आहे, पण फक्त त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाला "आमचं चिकन अँटिबायोटिक फ्री" असं सांगू नका. आणि एलसी-एमएस/एमएस (औषधाचा रेणू वजनावरून ओळखणारं मशीन) असलेली प्रायव्हेट लॅब महाग पडते, काउंटरवर बसलेल्यांना फारसं काही माहीत नसतं, पण आतल्या माणसांचं काम खरंच एक नंबर. लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण माणसं बदलली की अनुभव बदलतो आणि मला नावापेक्षा तुम्ही तिथे जाऊन काय विचारायचं ते सांगायचंय.

आमचं शेड पुरंदर तालुक्यात आहे. आधी कंपनीच्या काँट्रॅक्टवर पक्षी वाढवायचो, आता स्वतःची पिल्लं टाकतो आणि ड्रेस करून पुण्यातल्या सोसायट्यांना डायरेक्ट देतो. गिऱ्हाइकांचा ठरलेला प्रश्न असतो, "ताई, इंजेक्शनवाली कोंबडी नाही ना?" आता ब्रॉयलरच्या शेडमध्ये हजारो पक्ष्यांना एकेक धरून वाढीचं इंजेक्शन कोण देत बसणार, ते परवडतच नाही. औषध जातं ते पाण्याच्या लाइनमधून नाहीतर फीडमधून. सर्दी-घरघर सुरू झाली की डॉक्सी नाहीतर टायलोसिन, ई. कोलायने मर लागली की एन्रो म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन, हे प्रत्येक शेडवाल्याला पाठ असतं. आजारी पक्ष्याला औषध देण्यात काही गैर नाही, ते द्यावंच लागतं, प्रश्न एवढाच की औषध बंद केल्यावर किती दिवसांनी पक्षी कापला. २०१२ पासून आपल्या औषधांच्या नियमांत आहे की लेबलवर विड्रॉवल पिरियड (औषध बंद केल्यापासून कापेपर्यंत थांबायचे दिवस) हवा आणि त्या औषधासाठी तो वेगळा ठरवलेला नसेल तर कोंबडीच्या मांसासाठी कमीत कमी २८ दिवस धरायचा. आता ब्रॉयलर निघतो ३५ ते ४२ दिवसांत, म्हणजे २८ दिवस पाळायचे म्हटले तर दुसऱ्या आठवड्यानंतर औषध द्यायची सोयच उरत नाही, आणि आजार तर नेमका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. ही खरी अडचण आहे, आणि म्हणून मला तोंडी खात्री नको होती, आकडा हवा होता.

आधी किटबद्दल. ही ट्यूबवाली पद्धत जुनी आहे, प्रीमी टेस्ट हे त्यातलं जगभर माहीत असलेलं नाव. छोट्या ट्यूबमध्ये जांभळं अगार (जिवाणू वाढवायची जेली) असतं, त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू आणि रंग बदलणारं ब्रोमोक्रेसॉल पर्पल. मांसाचा तुकडा लसूण पिळायच्या प्रेसमध्ये दाबून रस काढायचा (खरंच तेच यंत्र वापरतात, लॅबवालेसुद्धा), त्यातला १०० मायक्रोलिटर ट्यूबमध्ये टाकायचा, वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग रस धुऊन टाकायचा आणि ट्यूब ६४ अंशांच्या हीटिंग ब्लॉकमध्ये ठेवायची. तीन-चार तासांत जिवाणू वाढले की आम्ल तयार होतं आणि जांभळं अगार पिवळं होतं. मांसात अँटिबायोटिक असेल तर जिवाणू वाढत नाहीत, रंग जांभळाच राहतो. समजायला एकदम सोपं.

यातल्या चांगल्या गोष्टी खूप आहेत. सकाळी पक्षी कापला तर दुपारपर्यंत उत्तर हातात. पेनिसिलिन गटातल्या औषधांना, म्हणजे अमॉक्सिसिलिन वगैरेला, हा जिवाणू फारच नाजूक आहे, कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी खालचं प्रमाणसुद्धा पकडतो. सल्फा आणि टायलोसिनपण बऱ्यापैकी पकडतो. टेट्रासायक्लिनला मर्यादेच्या आसपास असेल तर पकडतो. पण वेळेवर लक्ष ठेवावं लागतं, सोबत एक खात्रीचा स्वच्छ नमुना लावायचा आणि तो पिवळा झाला की लगेच सगळ्या ट्यूब वाचायच्या, जास्त वेळ ठेवलं तर जी जांभळी राहायला हवी तीपण हळूहळू पिवळी पडते. हीटिंग ब्लॉकचं तापमान हलता कामा नये, त्यामुळे आमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरशिवाय हे करूच नका. आणि कलेजीचा किंवा अंड्याचा रस थेट टाकू नका, त्यात मुळातच लायसोझाइमसारखी जिवाणू मारणारी द्रव्यं असतात, औषध नसतानाही ट्यूब जांभळी राहते आणि उगाच घाबरायला होतं. काही पद्धतींत त्यासाठी रस आधी ८० अंशांवर दहा मिनिटं तापवून घेतात.

आता मुख्य त्रुटी, आणि ही माहितीपत्रकात बारीक टेबलात असते म्हणून मोठ्याने सांगते. एन्रो आणि सिप्रो, म्हणजे क्विनोलोन गट, या जिवाणूला फारसा बाधतच नाही. मर्यादेच्या कित्येक पट जास्त असेल तेव्हा कुठे ट्यूब जांभळी राहते. आणि आपल्याकडच्या शेडांमध्ये एन्रो किती चालतं हे मी सांगायला नको. शेजारच्या शेडवाल्याने मला विचारलं होतं, "वहिनी, ट्यूब पिवळी झाली म्हणजे सुटलो ना?" तर नाही भाऊ, पेनिसिलिन-सल्फामधून सुटलो, एन्रोमधून नाही. प्लेट टेस्ट (बशीतल्या अगारवर जिवाणू वाढवून केलेली तपासणी) करणाऱ्या लॅबना हे आधीपासून माहीत आहे. जुन्या चार प्लेटच्या पद्धतीत तीन प्लेटमध्ये बॅसिलस सबटिलिस वेगवेगळ्या पीएचला आणि एका प्लेटमध्ये कोकुरिया नावाचा दुसरा जिवाणू असायचा, पुढे फ्रेंच लॅबने जी पाच प्लेटची स्टार पद्धत बसवली तिच्यात क्विनोलोनसाठी वेगळी ई. कोलायची प्लेट आणि टेट्रासायक्लिनसाठी बॅसिलस सेरिअसची प्लेट घातली. कारण सरळ आहे, सगळ्या औषधांना सारखाच घाबरणारा जिवाणू नाहीच.

म्हणून किटचं आणि लॅबचं एकत्रच बघायचं ठरवलं. एका बॅचला डॉक्टरांच्या सांगण्यावरून एन्रो दिलं होतं, त्यातले थोडे पक्षी औषध बंद केल्यावर तीन-चार दिवसांतच मुद्दाम बाजूला काढून कापले. ते अर्थातच विकले नाहीत, फक्त तपासणीसाठी. छातीचं मांस वेगळं, कलेजी वेगळी, आणि सोबत ज्या बॅचला कधीच काही दिलं नव्हतं तिचंही मांस घेतलं. पिशव्यांवर फक्त कोड लिहिले, लॅबला कुठला कोणता ते सांगितलं नाही. एकाच खिम्याचे दोन भाग करून दोन वेगवेगळ्या कोडनेही पाठवले, म्हणजे लॅबचं उत्तर स्वतःशी जुळतं का ते कळेल.

ट्यूब किटमध्ये एन्रोवालं मांस मस्त पिवळं झालं. म्हणजे "स्वच्छ". लॅबच्या रिपोर्टमध्ये त्याच मांसात एन्रो सापडलं, कलेजीत त्याहून बरंच जास्त आणि सोबत थोडं सिप्रोसुद्धा, कारण कोंबडीच्या शरीरात एन्रोचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो. सिप्रो म्हणजे आपण माणसं जे घेतो तेच. कधीच औषध न दिलेल्या बॅचमध्ये काहीच नाही. आणि एकाच खिम्याचे दोन कोड, त्यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले की मला लॅबबद्दल खरोखर आदर वाटला. गाळलेल्या रसात एवढंसं औषध शोधायचं म्हणजे खायचं काम नाही.

आत काय करतात ते मला तिथल्या एका सिनियर अॅनालिस्ट मॅडमनी वेळ काढून समजावलं, आणि या रिव्ह्यूमधले सगळ्यात जास्त स्टार मी त्यांना देते. मांस बारीक करून जेमतेम दोन-पाच ग्रॅम घेतात. टेट्रासायक्लिन गट धातूंना चिकटतो, मांसातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला धरून ठेवतं, म्हणून काढताना ईडीटीए (धातूंना पकडून ठेवणारं रसायन) घातलेलं मॅकिल्व्हेन बफर वापरतात, नाहीतर औषध मांसातच राहतं आणि रिपोर्टमध्ये आकडा कमी येतो. मग सेंट्रिफ्यूज, मग कार्ट्रिजमधून गाळून साफ करणं, मग मशीन. मशीन रेणूचं वजन बघतं, त्याला फोडतं आणि तुकड्यांची वजनं बघतं. एन्रोसाठी ३६० मधून ३१६ आणि २४५ असे दोन तुकडे यायला हवेत, त्या दोघांचं एकमेकांशी प्रमाण ठरलेलं हवं आणि कॉलममधून (रेणू वेगळे करणारी नळी) बाहेर पडायची वेळही शुद्ध औषधाशी जुळायला हवी. हे सगळं जुळलं तरच "सापडलं" म्हणतात. म्हणून हे उत्तर कोर्टात टिकतं आणि ट्यूबचं टिकत नाही, ट्यूब फक्त "काहीतरी आहे" एवढंच सांगते, काय आणि किती ते नाही.

अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मला फार महत्त्वाची वाटली. मांसातली चरबी-प्रथिनं मशीनमध्ये सिग्नल दाबतात, त्यामुळे शुद्ध पाण्यात औषध घालून काढलेला आलेख मांसाला लावला तर आकडा चुकतो. म्हणून औषध नसलेल्या चिकनमध्येच मोजून औषध घालून तुलनेचा आलेख काढतात आणि प्रत्येक नमुन्यात जड हायड्रोजनवालं एन्रो ओळखीसाठी टाकतात. तुमची लॅब हे करते का, एवढं एक वाक्य फोनवर विचारून बघा. उत्तर पटकन आलं तर पुढे जा.

आता तक्रारी. सुरुवातीला काउंटरवरून जे कोटेशन आलं त्यात फक्त "अँटिबायोटिक पॅकेज" लिहिलं होतं. कुठली औषधं, किती, कुठपर्यंत मोजणार, काहीच नाही. दोनदा मेल केल्यावर यादी आली तर त्यात टेट्रासायक्लिन आणि सल्फा होतं, एन्रो-सिप्रो नव्हतंच! विचारलं तर म्हणे ते वेगळ्या पॅनलमध्ये येतं. ज्याला माहीत नाही तो हेच पॅकेज घेणार, रिपोर्टवर सगळीकडे "एनडी", म्हणजे नॉट डिटेक्टेड, येणार आणि तो फ्रेम करून दुकानात लावणार. यात फसवलं असं मी म्हणत नाही, पण विकणाऱ्याने सांगायला हवं की ब्रॉयलरला एन्रो नसलेलं पॅनल अर्धवट आहे.

दुसरी तक्रार रिपोर्टची. पहिल्या मसुद्यात नुसतं "नॉट डिटेक्टेड" लिहून दिलं होतं. नॉट डिटेक्टेड म्हणजे कितीच्या खाली? लॅबची मोजायची हद्द ५० पीपीबी (एका किलोत ५० मायक्रोग्रॅम) असेल तर ४९ पण नॉट डिटेक्टेड. युरोपात कोंबडीच्या मांसात एन्रो आणि सिप्रो मिळून १०० पीपीबी मर्यादा आहे, कलेजीत २००. टेट्रासायक्लिन गटासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकं) मर्यादा मांसात २००, कलेजीत ६००, मूत्रपिंडात १२०० आहे. आणि आपल्या एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१८ च्या दुरुस्तीप्रमाणे यादीत नाव नसलेल्या औषधाला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे फक्त १० पीपीबी. त्यानंतरही नियम बदललेत, तेव्हा रिपोर्ट कुठल्या यादीशी जुळवून बघितलाय ते लिहून घ्या. आम्ही सांगितल्यावर त्यांनी प्रत्येक औषधासमोर मोजायची हद्द आणि अनिश्चितता छापून दिली, जास्तीचे पैसे न घेता. पण मागावं लागलं.

तिसरं, एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. लॅबच्या दारावर एनएबीएल लिहिलंय म्हणजे सगळं झालं असं नाही, मान्यता टेस्टनुसार आणि पदार्थानुसार मिळते. मध किंवा कोळंबीसाठी मान्यता असेल आणि चिकनसाठी नसेल असंही होऊ शकतं. एनएबीएलच्या साइटवर लॅबचं स्कोप (कुठल्या टेस्टला मान्यता आहे ती यादी) फुकट बघता येतं, तिथे चिकन आणि तुमचं औषध दोन्ही शोधा. आमच्या लॅबच्या स्कोपमध्ये मांसाचं होतं, ते मी पैसे भरायच्या आधी बघून घेतलं होतं.

नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांचं प्रकरण वेगळं, ही औषधं खाण्याच्या जनावरांसाठी बंदच आहेत, २०२५ मध्ये केंद्राने त्यांचं उत्पादन आणि विक्रीही या वापरासाठी बंद केली. कोलिस्टिनवर अशी बंदी २०१९ मध्येच आली. बंद औषधाला "मर्यादेच्या आत" असं काही नसतं, त्यामुळे लॅबला खूप खोल जाऊन मोजावं लागतं, युरोपात क्लोरॅम्फेनिकॉलसाठी आता ०.१५ पीपीबीपासून कारवाई होते. नायट्रोफ्युरानची टेस्ट तर एका रात्रीची, कारण मूळ औषध काही तासांत शरीरातून नाहीसं होतं आणि त्याचे अंश प्रथिनांना चिकटून राहतात, ते सोडवायला आम्ल आणि नायट्रोबेंझाल्डिहाइड घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवावं लागतं. त्यामुळे याचा वेगळा चार्ज लागतो आणि तो मला रास्त वाटला.

पैशांचं म्हणाल तर नमुन्यामागे काही हजार रुपये जातात, पॅनल वाढलं की आकडा वाढतो. एका छोट्या शेडवाल्याला प्रत्येक बॅचला हे झेपणार नाही. रिपोर्ट यायला आठवडा-दीड आठवडा लागला, तोवर पक्षी विकून झालेले असतात, म्हणजे हा रिपोर्ट त्या पक्ष्यांसाठी नसतो, तुमचं विड्रॉवलचं कॅलेंडर बरोबर चाललंय का ते तपासायला असतो. आम्ही तसाच वापर करतो. किट मात्र नेहमी, आणि त्यात एन्रो येत नाही हे शेडच्या रजिस्टरच्या कव्हरवरच लिहून ठेवलंय.

काहीजण म्हणतात शिजवल्यावर सगळं मरतं, मग एवढं कशाला. जिवाणू मरतात हो, औषध नाही. टेट्रासायक्लिन शिजवताना काही प्रमाणात कमी होतं, एन्रो उष्णतेला चांगलंच टिकतं. २०१४ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने दिल्ली आणि आसपासच्या ७० चिकन नमुन्यांची तपासणी केली तेव्हा ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले होते, त्यात एन्रो आणि सिप्रो दोन्ही होते. तेव्हा पेपरात आठवडाभर चर्चा झाली आणि सगळे विसरले. आपल्या गावात, आपल्या तालुक्यात किती आहे हे आपल्याला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण घशाच्या इन्फेक्शनला दिलेलं औषध लागू पडत नाही म्हणून लेकराला घेऊन दवाखाने फिरणारे आपलेच लोक असतात. नुसत्या चिकनमुळे ते होतं असं नाही, पण शेडमध्ये रोजचं थोडं थोडं औषध चालू असेल तर तिथल्या जिवाणूंना त्याची सवय लागते आणि ते जिवाणू शेडमध्येच थांबत नाहीत.

नमुना पाठवताना काय करायचं तेही सांगते, हे कोणी सांगत नाही. एकाच पक्ष्याचं मांस पाठवू नका, बॅचमधल्या चार-पाच पक्ष्यांचं घ्या, कारण लाइनच्या शेवटी असलेला पक्षी आणि टाकीजवळचा पक्षी सारखं पाणी पीत नाहीत. कलेजी नक्की पाठवा, औषध तिथे जास्त दिवस थांबतं, मांसात काही नाही आणि कलेजीत आहे असं झालं तर कळतं की औषध दिलंय पण दिवस बरेच गेलेत. पक्षी कापल्याबरोबर पिशवीत घालून फ्रीज करा, बर्फाच्या डब्यात न्या, वाटेत वितळू देऊ नका. लॅबने आमचा डबा घेताना तापमान मोजून नोंद केली, ही गोष्ट मला फार आवडली, बऱ्याच ठिकाणी पिशवी टेबलावर ठेवून घेतात. पावतीवर कोड, वेळ, तापमान सगळं होतं.

तर किटला पाचपैकी तीन, ते पण कशासाठी वापरायचं हे माहीत असेल तरच. लॅबच्या कामाला साडेचार, काउंटरला दोन. पुढच्या खेपेला फीडचा नमुना पाठवणार आहे, कारण आम्ही पाण्यात काही दिलं नाही तरी बाहेरून आणलेल्या फीडमध्ये काय येतं ते आम्हाला दिसत नाही. मॅडमनी आधीच सांगितलंय की फीडला मांसाची पद्धत चालत नाही, वेगळा आलेख काढावा लागेल, आणि त्या फीडच्या स्कोपचं कागदपत्र मेल करणार आहेत. ते आलं की मगच पैसे भरणार.